स्कॅनरचं ऐकायचं, काकांचं नाही

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानासाठी छोटा प्रोग्राम लिहून द्यायचा होता. काउंटरवर पुस्तक स्कॅन झालं की स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसावं: किती प्रती शिल्लक, माळ्यावर कुठल्या रॅकला. अडचण एवढीच, की समोर कायम बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर उघडं. त्यात बदल करून द्यायला आता कोणी नाही, आणि जूनमधल्या शाळांच्या गर्दीत दोन खिडक्यांमध्ये माऊस नाचवत बसायला कोणाला वेळ नाही.

यूएसबी स्कॅनर म्हणजे विंडोजच्या लेखी आणखी एक कीबोर्डच. बारकोड वाचून तेरा आकडे भराभर टाइप करतो, शेवटी एंटर मारतो. ते सगळं समोरच्या खिडकीत जातं, मागे बसलेल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. म्हणजे अख्ख्या सिस्टिमचा कीबोर्ड ऐकणं आलं.

विंडोजचं रजिस्टर-हॉटकी हे फंक्शन ठरावीक की-जोडीपुरतं असतं. ते खिडकी लपवा-दाखवायला ठेवलं आणि मुख्य कामासाठी सगळे सांगतात तो रस्ता धरला: सेट-विंडोज-हुक-एक्स, लो-लेव्हल कीबोर्ड हुक, म्हणजे सिस्टिममधली प्रत्येक की वाटेतच पकडणारा गळ. सी-शार्पमध्ये लिहायला फार नाही, पण पथ्यं आहेत. प्रोग्रामच्या ज्या थ्रेडवर (कामाच्या धाग्यावर) हुक लावला तिथे मेसेज लूप, म्हणजे विंडोजचे निरोप उचलत राहणारी फेरी, चालू हवा. कॉलबॅक म्हणजे प्रत्येक कीला विंडोज बोलावतं ते आपलं फंक्शन; त्याचा डेलिगेट (त्याच्याकडे बोट दाखवणारी वस्तू) स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा, नाहीतर मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर तो उचलून नेतो आणि प्रोग्राम भलत्याच वेळी आडवा होतो. सगळ्यात कडक पथ्य वेळेचं. प्रत्येक की आधी तुमच्या कॉलबॅकमधून जाते, मगच पुढे. तिथे रेंगाळलात तर सगळ्या मशीनचं टायपिंग अडखळतं, आणि मुदत उलटली तर विंडोज ७ पासून पुढे सिस्टिम तुमचा हुक गुपचूप काढून टाकते. एरर नाही, सूचना नाही. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही मुदत जास्तीत जास्त एक सेकंद. त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबवून बघा, गंमत कळेल. म्हणून कॉलबॅकमध्ये की फक्त रांगेत टाकायची, शोधाशोध दुसऱ्या थ्रेडवर.

दुकानात तेही चालेना. बिलिंगचं सॉफ्टवेअर ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून ठेवलेलं होतं, आणि व्हिस्टापासून जास्त अधिकाराच्या खिडकीतल्या की साध्या प्रोग्रामच्या हुकला मिळत नाहीत. शॉर्टकटमधली ती टिक काढली, बिलिंगचं काही अडलं नाही.

खरा पेच पुढे होता. हुकला की कळते, ती कुठल्या यंत्रावरून आली ते कळत नाही. दोन आकड्यांमधल्या वेळेवरून अंदाज बांधता येतो, पण काउंटरवरच्या मुलाचा नमपॅडवरचा हात असा भराभर की तो अंदाज मला पटेना. त्यात अँटिव्हायरसने माझी फाइल उचलून कोपऱ्यात टाकली. त्याचं तरी काय चुकलं? पासवर्ड चोरणारेही हेच फंक्शन वापरतात. दुकानाच्या मालकांनी, काकांनी, ते बघितलं आणि नेमकं विचारलं, “अरे, म्हणजे मी इथे बँकेचा पासवर्ड टाकला तर तुझ्या प्रोग्रामला दिसणार?”

“दिसणार, काका.”

“मग नको.”

हुक काढला आणि रॉ इनपुटकडे वळलो, म्हणजे कुठल्या यंत्रावरून काय आलं ते विंडोज थेट कळवतं त्या सोयीकडे. विंडोज एक्सपीपासूनची आहे ही. कीबोर्डसाठी नोंदणी करताना ‘इनपुट सिंक’चा फ्लॅग आणि आपल्या खिडकीचं हँडल (विंडोजने दिलेला ओळख-आकडा) दिलं, की खिडकी मागे असली तरी डब्ल्यूएम-इनपुट मेसेज येत राहतात. प्रत्येक मेसेजसोबत यंत्राचं हँडल असतं. स्कॅनर काढून परत लावला की ते बदलू शकतं, म्हणून त्यावरून यंत्राचं नाव विचारायचं. त्या लांबलचक नावात व्हीआयडी आणि पीआयडी, म्हणजे कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक, असतात, ओळख त्यांच्यावरून. रॉ इनपुटने की अडवता येत नाही, पण मला अडवायची नव्हतीच. आकडे बिलिंगमध्ये जायलाच हवे होते.

की दाबल्याचा आणि सोडल्याचा, दोन्ही मेसेज येतात. सोडल्याचे गाळले नाहीत तर ९७८८१ च्या जागी ९९७७८८८८११ दिसतं. मेसेजमधल्या माहितीच्या सुरुवातीच्या भागाचं, हेडरचं, स्ट्रक्चर ३२ बिटमध्ये १६ बाइटचं, ६४ बिटमध्ये २४ चं, म्हणून त्याच्या मापाचा आकडा हाताने लिहू नये. तेरा आकडे जमले की चेक डिजिट, म्हणजे शेवटचा पडताळणीचा आकडा, तपासायचा: आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली तर तिला दहाने पूर्ण भाग जायला हवा. पुस्तकांचा ९७८ असो की वह्यांवरचा ८९०, हिशोब एकच. कोपऱ्यातली खिडकी फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, न घेता उघडायची, नाहीतर पुढचं पुस्तक बिलात न जाता माझ्याकडे येतं.

इथेही सगळ्या कीबोर्डांचे मेसेज येतातच, नाव जुळलं नाही तर पहिल्याच ओळीत फेकले जातात एवढंच. काकांना हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बँकेचं काम मोबाइलवर हलवलं.

नंतर दुसरा स्कॅनर आला, त्याचा पीआयडी वेगळा. आता सेटिंगमध्ये ‘नवीन स्कॅनर’ असं बटण आहे. ते दाबून कुठलंही पुस्तक स्कॅन करायचं, ज्या यंत्रावरून तेरा बरोबर आकडे आणि एंटर येईल त्याचं नाव यादीत जातं. काउंटरवरचा मुलगा मला फोन न करता ते करतो.