खोलीचे तापमान आणि पाण्याचे तापमान

घर गरम ठेवण्याचा खर्च कमी करायचा म्हटले की हात खोलीचे तापमान ठरवणाऱ्या, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे जातो. माझाही कित्येक हिवाळे तिकडेच जात असे. त्यात चूक काहीच नाही, कारण घरातून बाहेर निसटणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते आणि एक अंश कमी केला तरी बिलात फरक पडतो. पण घर तापवण्यासाठी पाणी गरम करणाऱ्या बॉयलरवर आणखी एक आकडा असतो, रेडिएटरकडे, म्हणजे गरम पाणी आत फिरवून खोली तापवणाऱ्या उपकरणांकडे, निघणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा. बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी तो ७५ अंशांवर ठेवला, की पुढे वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. आम्हीही लावला नव्हता.

हल्लीचे बहुतेक गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचे असतात. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळला की सुमारे दीड लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते, आणि ती धुराड्यातून तशीच निघून गेली तर गॅसमधील सुमारे दहा टक्के उष्णता सोबत घेऊन जाते. बॉयलरच्या आतच तिचे पाणी झाले (यालाच कंडेन्सिंग म्हणतात), तर ती उष्णता घराच्या कामी येते. त्यासाठी रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असावे लागते, आणि जितके थंड तितके चांगले. ७५ अंशांनी निघालेले पाणी वीस अंश उष्णता खोल्यांना देऊन परतले, तरी ते या सीमारेषेवरच येऊन थांबते. म्हणजे बॉयलर कंडेन्सिंग खरा, पण नावापुरता.

मी आकडा ५८ वर आणला आणि वाफेचे झालेले पाणी बॉयलरमधून बाहेर सोडणाऱ्या प्लास्टिकच्या नळीखाली एक डबा ठेवला. (हे पाणी किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे धातूचे भांडे नको.) आधी जिथे अधूनमधून एखादा थेंब पडे, तिथे आता बारीक धार लागली होती. आजवर ही सगळी उष्णता आकाशाला दिली, याचे वाईट वाटले.

याची किंमत एवढीच, की खोल्या तापायला वेळ लागतो, म्हणून बॉयलर तासभर आधी सुरू करावा लागतो. कडाक्याच्या थंडीत खोली हव्या त्या तापमानाला पोहोचलीच नाही, तर आकडा थोडा वाढवावा. बाहेरच्या हवेनुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलणारा सेन्सर बसवता आला, तर तेही करावे लागत नाही. मात्र गरम पाण्याची टाकी असेल, तर तिच्यातील पाणी ६० अंशांखाली ठेवू नये. कोमट पाण्यात लेजिओनेला हे फुप्फुसांचा आजार करणारे जिवाणू वाढतात.

आमची एक खोली काही केल्या तापेना. तिथला रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत होता, म्हणजे आत हवा अडकलेली होती. यंत्रणा बंद करून, निवू देऊन, कडेचा छोटा स्क्रू चावीने पाव फेरा सैल केला. बराच वेळ फुसफुस झाली, मग काळसर पाणी फडक्यावर आले आणि मी स्क्रू आवळला. यानंतर बॉयलरवर दिसणारा पाण्याचा दाब पाहणे विसरू नये, कारण हवा निघून गेली की तो उतरतो. यंत्रणा थंड असताना तो साधारण एक ते दीड बार असावा. रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल, तर मात्र तळाशी गाळ साचलेला असतो आणि ते काम जाणकाराचे.

राहिला नेहमीचा वाद, की दिवसभर मंद आच ठेवावी की गरजेपुरतीच. बॉयलर असेल तर मी निःशंकपणे गरजेपुरतीच म्हणेन, कारण रिकामे घर उबदार ठेवणे म्हणजे बाहेरची हवा तापवणेच. बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या हीट पंपाला मात्र सावकाश, सलग आणि कमी तापमानावर चालणे मानवते. त्याला दर सकाळी गार घर झटपट तापवायला लावले, तर तो पाणी अधिक गरम करू पाहतो आणि वीज जास्त खातो.