फोर्ट मन्रो ते अ‍ॅपोमॅटॉक्स: व्हर्जिनियातली एक फेरी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या जागा बघायच्या म्हटलं की आपली मंडळी गेटिसबर्गला जाऊन येतात. जागा चांगलीच आहे, पण तोफा, पुतळे आणि कुठली पलटण कुठून चढली यातच दिवस सरतो. हे सगळं कशापायी चाललं होतं, ते बाजूलाच राहतं. त्यापेक्षा लाँग वीकेंड मिळाला तर व्हर्जिनियात हॅम्प्टनपासून पश्चिमेला अ‍ॅपोमॅटॉक्सपर्यंत जा. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, सोबत जळगावहून आलेले बाबा होते. हवा छान असते. जुलै-ऑगस्टच्या दमट उन्हात वयस्कर माणसांना नेऊ नका.

सुरुवात फोर्ट मन्रोपासूनच करा. हॅम्प्टनच्या टोकाला पॉइंट कम्फर्ट नावाचं भूशिर आहे. इंग्रजांच्या व्हर्जिनियात पकडून आणलेले पहिले आफ्रिकी लोक १६१९ मध्ये उतरवले ते इथे. पुढे त्याच जागी खंदकाने वेढलेला हा दगडी किल्ला उभा राहिला. बांधकामावर गुलाम राबले, आणि पुढे दक्षिणेचा सेनापती झालेला रॉबर्ट ली तरुणपणी इथेच इंजिनिअर होता. युद्धात व्हर्जिनिया दक्षिणेकडे, म्हणजे गुलामगिरी टिकवायला देशातून फुटलेल्या राज्यांकडे गेली, पण किल्ला शेवटपर्यंत उत्तरेच्या ताब्यात राहिला.

मे १८६१ मध्ये एका रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीने पाणी ओलांडून किल्ल्यावर आले. समोरच्या काठावर त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलं होतं. मालकातर्फे एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन आला: कायद्याप्रमाणे आमची माणसं परत करा. किल्ल्याचा प्रमुख जनरल बटलर हा मूळचा वकील. त्याने सांगितलं, तुम्ही तर म्हणता व्हर्जिनिया आता वेगळा देश आहे, मग अमेरिकेचा कायदा कुठल्या तोंडाने मागता? शिवाय ही शत्रूच्या लढाईला उपयोगी पडणारी मालमत्ता, म्हणून जप्त! म्हणजे माणसांना आसरा मिळाला तो ‘माल’ ठरवूनच. बातमी पसरली आणि बायकापोरांसह हजारो लोक किल्ल्याकडे यायला लागले. लिंकन तोवर हे युद्ध देश एकसंध राखण्यासाठी आहे असंच सांगत होता. त्याचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. माझ्या मते त्या कागदाची पहिली ओळ या तिघांनी होडी वल्हवत लिहिली.

किल्ल्यात फिरायला पैसे लागत नाहीत. तटाच्या पोटातल्या संग्रहालयाच्या वेळा मात्र आधी बघून घ्या. जवळच हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात एक अवाढव्य ओक आहे. मेरी पीक हिने पळून आलेल्यांची शाळा याच झाडाखाली भरवली आणि पुढे तो जाहीरनामाही इथे वाचला गेला.

तिथून दीड-पावणेदोन तासांवर पीटर्सबर्ग. दक्षिणेची राजधानी रिचमंडला रसद पोचवणारे रेल्वेमार्ग इथून जात होते, म्हणून उत्तरेचा सेनापती ग्रँट जून १८६४ पासून साडेनऊ महिने या गावाच्या उरावर बसून राहिला. युद्ध जिंकलं गेलं ते असं, खंदकात बसून. रणभूमीवरच्या एकेरी रस्त्याने गाडी हळूहळू न्या आणि वेळ वाचवून ठेवा तो ‘क्रेटर’साठी, म्हणजे सुरुंगाच्या स्फोटाने पडलेल्या खड्ड्यासाठी. पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणीत कोळशाच्या खाणीतले कामगार होते. त्यांनी शत्रूच्या मोर्चाखाली ५११ फूट बोगदा खणला. हवा खेळती राहावी म्हणून त्यांनी बोगद्याच्या तोंडाजवळ वर जाणारं धुराडं काढून त्याखाली आग पेटती ठेवली. गरम हवा वर जायची आणि बाहेरची ताजी हवा लाकडी नळीतून आत टोकापर्यंत ओढली जायची. ३० जुलैला पहाटे आठ हजार पौंड दारूची वात मध्येच विझली, तेव्हा दोघांनी आत जाऊन ती पुन्हा पेटवली. बोगद्याचं तोंड अजून दिसतं.

पुढचं ऐकायला जड आहे. हल्ल्यात आघाडीवर राहण्याचा सराव कृष्णवर्णीय पलटणींनी केला होता. आदल्या दिवशी तो बेत बदलला आणि सराव नसलेल्या गोऱ्या पलटणी पुढे गेल्या. त्या खड्ड्यातच अडकल्या. मग कृष्णवर्णीयांना आत लोटलं, आणि शरण आलेल्या कित्येकांनाही दक्षिणेच्या सैनिकांनी ठार केलं. उत्तरेच्या सैन्यात एकूण सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. गवतातून चालणार असाल तर पँट मोज्यात खोचा, गोचिड्या फार.

मुक्काम फार्मव्हिलला करा. २ एप्रिल १८६५ ला पीटर्सबर्गची फळी फुटल्यावर लीचं उपाशी सैन्य याच वाटेने पळत होतं; रस्त्याकडेला पाट्या आहेत. गावाजवळच्या हाय ब्रिजवरून चालायला मजा येते, नदीपासून १२५ फूट उंच आहे. पण चुकवू नये ते मोटन संग्रहालय. १९५१ मध्ये इथल्या कृष्णवर्णीय शाळेत सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला. तो खटला पुढे सुप्रीम कोर्टातल्या, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात सामील झाला, तर काउंटीने एकत्र शाळा नकोत म्हणून १९५९ पासून पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या! बाबा बाहेर येऊन म्हणाले, “युद्ध संपलं म्हणतोस, ते नक्की कधी?”

शाकाहारी असाल तर इकडे एक काळजी घ्या: ‘ग्रीन्स’ म्हणून येणाऱ्या पालेभाजीत बहुधा डुकराचं मांस असतं. विचारूनच मागवा.

अ‍ॅपोमॅटॉक्सला जीपीएसमध्ये ‘अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस’ (हे जुन्या गावाचं नाव) टाका, नाहीतर दोन-तीन मैलांवरच्या आजच्या गावात पोचाल. ९ एप्रिल १८६५ ला रविवार, कोर्ट बंद, म्हणून लीची ग्रँटपुढची शरणागती गावातल्या मॅक्लीनच्या घरी, दिवाणखान्यात झाली. आजचं घर पुन्हा बांधलेलं आहे. मूळचं १८९३ मध्ये उचकटून ठेवलं ते तसंच कुजलं. अटी सौम्य होत्या: हत्यारं खाली ठेवा, घरी जा, स्वतःचा घोडा असेल तर नांगराला न्या. शेजारच्या खानावळीत सैनिकांसाठी घरी जाण्याचे सुमारे २८,००० पास छापले गेले, तिथला छापखाना जरूर बघा. आणि हॅना रेनॉल्ड्सबद्दल रेंजरला विचारा. त्या सकाळी तोफगोळ्याने जखमी झालेली ही गुलाम बाई तीन दिवसांनी वारली, मुक्त म्हणून.

बाबांना वेगळंच आठवलं. युद्धामुळे इंग्लंडचा अमेरिकी कापूस थांबला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. इथे हत्यारं खाली पडली आणि १८६५ मध्येच मुंबईचा शेअरबाजार कोसळला.

आणखी एक दिवस असेल तर दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमजवळ बेनेट प्लेसला जा. २६ एप्रिलला लीच्याहून कितीतरी मोठं दक्षिणेचं सैन्य तिथे शरण आलं, टेक्सासातल्या गुलामांना तर मुक्तीचा हुकूम १९ जूनला ऐकवला गेला, आणि गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती डिसेंबरात झाली. बेनेट प्लेस आठवड्यातले काही दिवस बंद असतं, आधी तपासा. जेवणाची चिंता नको. जवळच्या केरी-मॉरिसव्हिलमध्ये आपली वस्ती मोठी आहे.