आमची वाटचाल: कॅमेरा, कोपर आणि चौघांची कंपनी

आम्ही स्विमरचा पाण्याखालून व्हिडिओ काढतो आणि फ्रीस्टाईल मारताना त्याचा हात नेमका कुठे काय करतोय ते त्याला आणि त्याच्या कोचला दाखवतो, बस एवढाच आमचा धंदा. चौघंच आहोत, दोघं शूट करतात, एक जण एडिटिंग बघते आणि उरलेलं सगळं माझ्याकडे, म्हणजे फोन, बिलं, पूलवाल्यांच्या परवानग्या, पालकांच्या लेखी संमत्या (लहान मुलांचं शूटिंग त्याशिवाय करतच नाही) आणि समजूत काढणं. समजूत काढणं हे सगळ्यात मोठं काम, ते पुढे येईलच.

सुरुवात झाली ती एक छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा, एक लांब अ‍ॅल्युमिनियमची दांडी आणि माझा पार्टनर एवढ्यावर. मी स्वतः पोहणारा, तो कॅमेऱ्यातला माणूस, त्याला पोहायला येत नव्हतं आणि त्याचं एका दृष्टीने बरंच झालं कारण तो मला असे प्रश्न विचारायचा जे पोहणारा माणूस कधी विचारत नाही. "हात पाण्यात गेल्यावर लगेच मागे का नाही ओढत, मध्ये थांबतोय का?" असं काहीतरी. काठावर उभं राहून कोचला जे दिसतं ते हवेतलं असतं, पाण्याखाली जे चाललेलं असतं ते वरून फेस आणि चमक ह्यात दिसतच नाही. आणि हात तर सेकंदाच्याही आत पुढून मांडीपर्यंत येतो, सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत पंजा म्हणजे नुसता एक पांढरा पुसट पट्टा दिसायचा, मग १२० फ्रेमवर गेलो तेव्हा कुठे बोटं मोजता यायला लागली. क्लोरीनने कॅमेऱ्याच्या केसचे रबर खराब होतात, काचेवर आतून वाफ धरते, ते सगळं शिकत गेलो, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते लोक काय विचारत यायचे हे. दहातले नऊ जण, पालक असो, कोच असो की स्वतः स्विमर, पहिला प्रश्न एकच: बोटं जोडलेली ठेवायची की उघडी? मला आधी मजा वाटायची, मग कळलं की हाच आपला दरवाजा आहे, माणूस ह्या प्रश्नासाठी आत येतो. उत्तर सरळ आहे. बोटं घट्ट चिकटवू नका आणि फाकवूही नका, काही मिलिमीटरची सैल फट असली की प्रत्येक बोटाभोवतीचं पाणी शेजारच्या बोटाच्या पाण्यात अडकतं आणि ती फट अर्धवट बंद असल्यासारखी वागते, म्हणजे पंजा फुकटात थोडा मोठा होतो. ह्यावर कॉम्प्युटरवर आणि पंज्याची मॉडेल्स करून वेगवेगळ्या ठिकाणी प्रयोग झालेत, फायदा निघतो तो काही टक्क्यांचा. शिवाय बोटं घट्ट आवळली की मनगट आणि पुढचा हात (मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग) कडक होतो, तो तोटा वेगळाच. तर हात सैल ठेव, बोटं आपोआप जिथे असतील तिथे असू दे. संपलं. एवढं सांगायला कॅमेरा लागत नाही, हे मी लोकांना फोनवरच सांगून टाकतो. पार्टनर म्हणतो तू गिऱ्हाईक घालवतोस, पण तेच लोक नंतर येतात.

दुसरा प्रश्न एंट्रीचा, म्हणजे हात पाण्यात शिरतो तेव्हाचा, आणि इथे वाद होतात. बऱ्याच कोचनी स्वतः शिकताना ऐकलेलं असतं की हात आत घालताना तळहात बाहेरच्या बाजूला वळवायचा आणि अंगठा आधी पाण्यात जाऊ द्यायचा, म्हणजे पाणी उडत नाही, बुडबुडे कमी येतात. दिसायला ते सुंदर दिसतं हे खरं. पण तसं करताना दंड खांद्यातून आतल्या बाजूला फिरतो, आणि त्याच अवस्थेत हात डोक्याच्या वर ताणला की खांद्याच्या हाडाखालून जाणारा स्नायूचा दोरा चिमटला जातो. स्पर्धेची तयारी करणारं पोर एका सेशनमध्ये हजार-दीड हजार वेळा तरी हात फिरवतं, सकाळ-संध्याकाळ, मग खांदा दुखतो ह्यात नवल काय. म्हणून आम्ही सांगतो की मधल्या बोटांची टोकं आधी, तळहात साधारण खाली, खांद्याच्या रेषेतच, डोक्याच्या समोर नाही. हात डोक्यापुढे मध्यरेषेच्या पलीकडे गेला की कंबर उलट्या बाजूला फेकली जाते आणि माणूस लेनमध्ये नागमोडी जातो.

हे ऐकून एका क्लबने आमच्याशी काम थांबवलं होतं, त्यांचे सर म्हणाले "आम्ही एवढी वर्षं असंच शिकवतोय आणि मेडल आलीत." मेडल आली असतील ना, मी कुठे नाही म्हणतोय. त्या पोरांचे खांदे किती वर्षं टिकले तेवढं विचारायचं होतं, विचारलं नाही, धंदा करायचा असतो.

आता खरा माल. हात आत गेला, पुढे ताणला, त्यानंतर जो कॅच म्हणतात तो, म्हणजे मागे ढकलायला पाणी पकडणं. इथे पंजा काय करतो ह्यापेक्षा कोपर कुठे आहे ते बघायचं. चांगल्या स्विमरचं कोपर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वरच राहतं आणि पंजा आणि पुढचा हात कोपरातून खाली वळतो, बोटं तळाकडे, तळहात मागे, मनगट सरळ. म्हणजे बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत एक अखंड फळी तयार होते. ऑस्ट्रेलियाचा ऑलिंपिक चॅम्पियन इयान थॉर्प, त्याचे जुने पाण्याखालचे शॉट कुठे बघायला मिळाले तर हात पुढे असतानाच ते कोपर कसं उंच राहतं तेवढंच बघा. आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं नेमकं उलटं, कोपर आधी खाली पडतं आणि पंजा त्याच्यामागून घसरत येतो, पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी खाली दाबलं जातं. खाली दाबलं की डोकं वर येतं आणि पाय बुडतात. काही जण तर मनगट वर वाकवून बोटं आकाशाकडे करतात, तळहात समोर, म्हणजे स्वतःच्याच पुढे ब्रेक लावून ठेवलाय. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट घन आहे आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तिथे पुढे धरलेला उघडा पंजा काय किंमत वसूल करतो ते सांगायला नको.

माझा पार्टनर हे पोरांना शिडीवरून समजावतो, पायरी धरली की पायरी खाली येत नाही, आपण वर जातो, तसा हात पाण्यात रोवायचा आणि अंग त्याच्यावरून पुढे न्यायचं. पोरांना पटतं. व्हिडिओत हे इतकं साफ दिसतं की मागच्या टाइल्सची रेघ धरून पाहिलं तर चांगल्या स्विमरचा हात पाण्यातून बाहेर पडतो तो जिथे शिरला त्याच्या फार मागे नसतोच.

इथे वयस्कर कोच लोकांचा हमखास प्रश्न: मग एसचं काय? एस म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखा हात आत-बाहेर फिरवत ओढायचा. ही गोष्ट आली ती डॉक कौन्सिलमन ह्यांच्याकडून, इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच, मार्क स्पिट्झने १९७२ ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७ गोल्ड मारली त्याचे गुरू. त्यांनी पाण्याखाली फिल्म घेऊन बघितलं की हात सरळ मागे येतच नाही, आणि १९७० च्या आसपास असं मांडलं की पंजा विमानाच्या पंखासारखा काम करतो, आडवा फिरून लिफ्ट (हालचालीच्या दिशेला आडवा मिळणारा जोर) तयार करतो. सगळ्या जगाने ते उचललं आणि शब्दशः शिकवलं. नंतर लक्षात आलं की त्या एसमधला बराचसा भाग अंग रोल होतं, म्हणजे या कुशीवरून त्या कुशीवर फिरतं, म्हणून दिसतो, आणि मुद्दाम हात वळवत बसलं की पकडलेलं पाणी सुटतं. जॉन्स हॉपकिन्समध्ये रजत मित्तल ह्यांच्या टीमने वरच्या दर्जाच्या स्विमरचे व्हिडिओ घेऊन कॉम्प्युटरवर दोन्ही पद्धती चालवून बघितल्या, खोल आणि सरळ ओढणारा हात वल्हवत फिरवणाऱ्या हातापेक्षा पुढे निघाला. गंमत म्हणजे त्यांच्याच हिशोबात सरळ ओढतानाही लिफ्टचा वाटा बऱ्यापैकी आहे, म्हणजे कौन्सिलमन पूर्ण चुकले होते असं नाही. मी कोचना एवढंच सांगतो की सर, एस शिकवू नका, हात थोडा वळला तर दुरुस्तही करू नका.

आमचा धंदा खरा वळला तो एका २०० मीटरवाल्या मुलीच्या व्हिडिओपासून. तिची तक्रार, डावा हात "लागत नाही". कोचने डाव्या हातावर सगळे ड्रिल (ठरावीक सराव) करून घेतलेले, पॅडल (पंज्याला लावायची प्लास्टिकची पाटी), रबर बँड, जिममध्ये एका हाताचे पुल्स, सगळं. आम्ही बाजूने आणि समोरून दोन्हीकडून शूट केलं आणि रात्री एडिटिंग करणारीने एक गोष्ट पकडली, डावा हात नेहमी खराब नाही, फक्त ज्या स्ट्रोकला ती उजवीकडे श्वास घेते त्याच स्ट्रोकला खराब आहे. श्वासासाठी डोकं फिरवण्याऐवजी ती उचलत होती, आणि डोकं उचललं की त्याला आधार म्हणून पुढे ताणलेला डावा हात सरळच्या सरळ खाली दाबला जायचा, कोपर गेलं, कॅच गेला. श्वास नसलेल्या स्ट्रोकला तोच हात मस्त. दोन फ्रेम शेजारी शेजारी लावून दाखवल्या तेव्हा ती म्हणाली "हे दोन्ही माझेच आहेत?" डाव्या हाताला काहीच झालेलं नव्हतं, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर ठेवून श्वास घ्यायला शिकायचं होतं.

त्यानंतर आम्ही शूटिंगची पद्धतच बदलली. आता श्वासासकट काही लॅप, श्वास न घेता एक छोटा तुकडा, आणि सेंटर स्नॉर्केल (चेहऱ्यासमोरून वर जाणारी नळी, डोकं न फिरवता श्वास घेता येतो) लावून परत, तिन्हीतला हात एकाखाली एक लावतो. स्नॉर्केलवर हात सुधारला तर दोष हातात नाही, श्वासात आहे. तिथेही नाही सुधारला तर मग कोपर, खांद्याची लवचिकता वगैरे बघायचं. हात सगळ्या अंगाच्या चहाड्या करत असतो, आपण त्यालाच धोपटत बसतो.

रिपोर्टही छोटा झाला. जाडजूड पीडीएफ पालकांना आवडायचा, पैसे वसूल झाल्यासारखे वाटायचे, पण पाण्यात उतरल्यावर पोराच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते. आता एक पान, तीन फोटो, एक दुरुस्ती, एक ड्रिल. ड्रिलमध्ये माझं सगळ्यात आवडतं मुठीचं, मूठ बंद करून पोहायचं. पंजाच नाही म्हटल्यावर पुढच्या हाताने पाणी धरावंच लागतं, कोपर आपोआप वर राहायला लागतं, आणि मग मूठ उघडली की हातात ताट दिल्यासारखा पंजा मोठा लागतो.

पॅडल विकायला ठेवा असं बरेच जण म्हणाले, मार्जिनही चांगलं आहे. ठेवले नाहीत. वाईट टेक्निकवर मोठं पॅडल म्हणजे त्याच चुकीच्या हालचालीवर जास्त वजन, आणि ते सगळं खांद्यावर जातं. ज्यांच्याकडे आहेत त्यांना सांगतो की साइज पंज्याहून थोडीच मोठी घ्या आणि मनगटाचा पट्टा काढून टाका, नुसत्या बोटाच्या रबरवर पोहा. एंट्री वाकडी झाली किंवा पाण्यावरचा दाब सुटला की पॅडल निसटून जातं, आमच्यापेक्षा स्वस्तात चूक कळते. स्पर्धेत पॅडल चालत नाहीतच, तेव्हा शेवटी उघड्या हातानेच पाणी धरायचंय.

हवेतला हात, म्हणजे रिकव्हरी, आम्ही सहसा छेडत नाही. पालक तिथेच अडकतात कारण तेवढंच काठावरून दिसतं, "कोपर वाकत नाही हो त्याचं". अमेरिकेची जॅनेट इव्हान्स पवनचक्कीसारखे सरळ हात फिरवत पोहायची, १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये तीन गोल्ड घेतली आणि १९८९ चं तिचं ८०० मीटरचं वर्ल्ड रेकॉर्ड २००८ पर्यंत टिकलं. पाण्याखालचा हात बरोबर असेल आणि खांदा दुखत नसेल तर वर कसाही आणा. आणि अंतराप्रमाणे खालचाही बदलतो, ५० मीटरवाला हात जास्त खोल आणि जास्त सरळ ठेवतो, पुढे थांबत नाही, दमला तरी शर्यत संपलेली असते. तोच हात १५०० ला लावला तर खांदा अर्ध्यातच हात टेकतो. म्हणून "पॅन झॅन्लेसारखा (चीनचा १०० मीटरवाला) हात करून द्या" म्हणून येणाऱ्या पोराला आधी विचारतो तू कुठली इव्हेंट पोहतोस. ४६.४० मध्ये १०० मीटर मारणाऱ्याचा स्ट्रोक रेट, म्हणजे हात फिरवण्याचा वेग, तुला झेपणार आहे का हा दुसरा प्रश्न, तो मनातच ठेवतो.

किती सेकंद कमी होतील ह्याची गॅरंटी आम्ही देत नाही, काही गिऱ्हाइकं त्यावरून जातात. कॅच बदलला की पहिले काही आठवडे टायमिंग उलट बिघडतं, मोठी मीट (स्पर्धा) तोंडावर असेल तर आम्हीच सांगतो की आत्ता नको, मीट झाल्यावर या. सध्या दोन्ही कॅमेरे, समोरचा आणि बाजूचा, एकाच क्षणाला लॉक करून एका स्क्रीनवर दाखवायचं काम चालू आहे, कारण मध्यरेषा ओलांडणारा हात बाजूने दिसत नाही आणि पडलेलं कोपर समोरून नीट कळत नाही. पार्टनर आता पोहायला शिकलाय. त्याचंही कोपर पडतं, व्हिडिओ आहे आमच्याकडे.