चोकवरची माहेरवाशीण

निफाडची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरल्याची बातमी आली की मुंबईचे नातेवाईक लगेच फोन करणार, मज्जा आहे बाबा तुमची. मज्जा कसली डोंबलाची, इथे द्राक्षवाले रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू करतात, का तर मण्यांना तडे जाऊ नयेत.

आणि आपण कानटोपी स्वेटर घालून, वर गोधडी घेऊनही कुडकुडत असतो तेव्हा आमच्या ओट्यावरच्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर एक चिमणी खुशाल झोपलेली असते. पंचवीसेक ग्रॅमचा जीव. आई तिला माहेरवाशीण म्हणते, कारण दिवाळी झाली की येते आणि संक्रांतीनंतर कधीतरी न सांगता जाते.

एका रात्री स्टूल लावून मी जवळून बघितलं. पट्टी एवढी चार फुटी, पण बाई बसणार नेमकी चोकच्या वर. जुना चोक तो, घूंऽऽ करत राहतो आणि चहाच्या कपासारखा गरम लागतो. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, एक पाय पोटाशी, आणि अंग एवढं फुगवलेलं की लोकरीचा गुंडाच ठेवलाय कुणीतरी. पिसं फुगवली की मधे हवा अडकते, झाली गोधडी. तरी आतली भट्टी चालू ठेवावीच लागते, चिमणीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास गरमी असते, आपल्याला एवढा ताप आला तर घरचे उचलून दवाखान्यात नेतील, आणि ती सगळी गरमी रात्रभर टिकवायची ती दिवसभर टिपलेल्या दाण्यांवर. एवढंसं अंग निवतंही पटकन. म्हणून तर संध्याकाळी पाचला मूठभर बाजरी टाकली की अशा तुटून पडतात. मग बाकीच्या सगळ्या समोरच्या बोगनवेलीत घुसतात आणि अंधार पडेपर्यंत जागेवरून जी भांडणं चालतात, एसटीत रुमाल टाकून सीट धरल्यावर होतात तशी. आमच्या बाईला तो गलका मानवत नसावा.

त्या गर्दीतले चिमणे पण बघा कधी नीट. गळ्याखालची काळी दाढी थंडीत करडी झालेली असते. पावसाळ्यानंतर आलेल्या नव्या पिसांची टोकं फिकट असतात, ती झिजत गेली की उन्हाळ्याच्या तोंडाला खालची काळीभोर दाढी उघडी पडते, डाय न लावता. वडलांना सांगितलं तर म्हणाले, मग माझंच उलटं का चाललंय.

तर गेल्या डिसेंबरात मी शहाणपणा केला. लाइटबिल बघून ओट्यावरची ट्यूब काढली आणि एलईडी बसवली. लख्ख उजेड, आवाज नाही, चोकच नाही. संध्याकाळी बाई आल्या, नव्या पट्टीवर उतरल्या, इकडून तिकडे दोनदा चालून बघितलं, शेवटी कोपऱ्यात बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या. तिसऱ्या दिवशी नाहीत. आईनं मला काही म्हटलं नाही, फक्त जेवताना भाजी वाढताना हात जरा आखडता घेतला.

मी आपला लाकडी घरट्याचा खोका आणून टांगला. आमच्या नाशिकचेच मोहम्मद दिलावर, त्यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, तेव्हापासून असले खोके सगळीकडे मिळतात. (तारीख मात्र थंडी संपल्यावरची, असो.) खोक्यात कुणी ढुंकून बघितलं नाही.

आठवड्याभरानं सकाळी साडेसहाला मागच्या दारी बंब पेटवायला गेलो. धूर डोळ्यात गेला म्हणून तोंड वर केलं तर पत्र्याच्या वळचणीला, बंबाच्या पाइपापासून वीतभर अंतरावर, वाशाच्या खाचेत तोच लोकरीचा गुंडा. आदल्या दिवशीच्या ऊबेनं रात्र निघत नाही हे मलाही कळतं, तिथे वारा लागत नसेल एवढंच. पण बंब धरला तशी तिनं चोच बाहेर काढली, पाइपाच्या बाजूला दोन पावलं सरकली आणि परत डोळे मिटले.

आता बंब मी साडेपाचलाच पेटवतो. आंघोळ आठलाच करतो.