एमा लिव्हरीचा झगा

आज पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहात फिरताना बॅले नर्तकी एमा लिव्हरी डोक्यातून जातच नव्हती. १८३२ साली 'ला सिल्फीद' या बॅलेमध्ये नर्तकी मारी तालिओनी घोट्याच्या वर येणाऱ्या पांढऱ्या, तलम झग्यात नाचली आणि बॅलेने तोच पेहराव उचलला. एमा तिची शिष्या. कापड पेटू नये म्हणून त्यावर रसायन लावायची सोय तेव्हाही होती. पण त्याने झगा कडक, मळकट दिसायचा. एमाने तो नाकारला. नोव्हेंबर १८६२मध्ये तालमीत गॅसच्या दिव्याने झगा पेटला. आठ महिने यातना सोसून ती गेली. अवघी वीस वर्षांची पोर! फार जीव तुटला. त्या झग्याचे जळके तुकडे ऑपेराच्या संग्रहालयाने जपून ठेवलेत. आखूड टुटू, म्हणजे बॅले नर्तकींचा घेरदार झगा, नंतरचा, पायांचं काम नीट दिसावं म्हणून इटालियन नर्तकींनी रुळवलेला.