अंबोसेलीची म्हातारी

१४ ऑगस्ट, रात्री साडेनऊ

केस दोनदा धुतले तरी कंगव्याला अजून राखाडी धूळ लागतेय. इथली माती म्हणजे नुसतं पीठ. चुलीतल्या राखेसारखी हलकी, वारा नसतानाही उडणारी. इथल्या मासाई लोकांच्या भाषेत अंबोसेली या केनियातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या नावाचा अर्थच मुळी खारट धुळीची जागा असा आहे. तंबूतला दिवा दहाला बंद होणार, त्याआधी आजचं लिहून काढायला हवं. उद्यावर टाकलं तर निम्मं हातातून निसटेल.

पहाटे नैरोबीहून निघालो. मी, हे, मुलगा आणि सूनबाई. मुलाला इथे नोकरी लागून तीन वर्षं झाली, तेव्हापासून त्याचं "आई, एकदा या" चालू होतं. पण आधी माझ्या पेन्शनचे कागद, मग यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. शेवटी जुलैत पुण्याला जाऊन दोघांनी पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, ते पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवलं आणि आलो.

मोम्बासा रस्त्याने एमालीपर्यंत, तिथून उजवीकडे वळून सरळ दक्षिणेला. ड्रायव्हर मचाकोसकडचा, कांबा समाजाचा, पन्नाशीतला, मोजकं बोलणारा माणूस. तो गाडीला 'गारी' म्हणतो, दुकानाला 'दुका', चहाला 'चाय' आणि चपातीला चपातीच. आणि सफारी म्हणजे नुसता प्रवास, मग तो मुंबईचा असो की मामाच्या गावचा. आपली 'सफर' आणि ही 'सफारी' दोघी एकाच अरबी शब्दाच्या पोटच्या. शिकवत होते तेव्हा हे ठाऊक असतं तर चौथीच्या मुलांना किती रंगवून सांगितलं असतं!

फाटकातून आत शिरल्यावर पहिला अर्धा तास आम्ही सगळेच लहान झालो होतो. झेब्रा दिसला की "झेब्रा!", शहामृग दिसलं की "शहामृग!" पण झेब्रे इतके होते की पुढे पुढे नुसतं बोट दाखवून भागलं. दोन सिंहिणीही दिसल्या, झुडपाच्या सावलीत झोपलेल्या. त्यांच्याभोवती अकरा गाड्या होत्या, मी मोजल्या. एक गाडी तर वाट सोडून थेट गवतात घुसली. आमच्या ड्रायव्हरने गाडी मागेच, बरीच लांब उभी केली आणि म्हणाला, "त्यांना झोपू द्या." मुलगा जरा हिरमुसला. मला मात्र त्या माणसाबद्दल तिथेच आदर वाटू लागला.

मग त्याने गाडी दलदलीकडे घेतली.

याआधी काय दिसलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. उद्यानाच्या पश्चिमेला अंबोसेलीचं तळं आहे, पण ते फक्त पावसाळ्यातलं. आत्ता ऑगस्टात तिथे नजर पोचेल तिथवर पांढरी, तडकलेली जमीन. उन्हात तिच्यावर पाणी लखलखत होतं, आणि ते पाणी नव्हतं. मृगजळ हा शब्द मी तेहतीस वर्षं शिकवला, पण एवढं मोठं मृगजळ कधी पाहिलं नव्हतं. त्यावरून दोन-तीन वावटळी खांबासारख्या उभ्या फिरत होत्या. हे म्हणाले, "आपल्या दुष्काळी माण तालुक्यातच आलो की." खरंच वाटलं तसं.

आणि त्याच मुलखात, वीस मिनिटांवर, कमरेएवढं हिरवंगार लव्हाळं आणि त्यात झुळझुळणारं स्वच्छ पाणी! इथे पाऊस जेमतेम पडतो. हे पाणी किलिमांजारोचं. ५,८९५ मीटर उंचीचा तो डोंगर सीमेपलीकडे टांझानियात आहे. त्याच्या रानात पडलेलं पाणी ज्वालामुखीच्या खडकांतून झिरपत झिरपत जमिनीखालून येतं आणि इथे, केनियाच्या बाजूला, वर फुटतं. वर्षभर. पाझर तलावाच्या गावात वाढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते शब्दांत नीट मांडता येत नाही. मी कितीतरी वेळ हत्तींऐवजी पाण्याकडेच बघत बसले होते.

पण मग हत्तींकडे बघितलं, आणि पुढे दीड तास दुसरं काही बघितलं नाही.

तेरा जण होते. सगळ्या बायका आणि पोरं. नर बारा-चौदा वर्षांचा झाला की कळप सोडून जातो, राहतात त्या आज्या, आया, मावश्या आणि त्यांची लेकरं. गाडीला सगळ्यांत जवळ जी होती ती पोटापर्यंत पाण्यात उभी. पाण्याची रेघ तिच्या अंगावर पट्टीने आखल्यासारखी होती, खाली काळाभोर ओला रंग आणि वर धुळीचा पांढरट. पाठीवर दोन गायबगळे. ती सोंडेचा वेढा लव्हाळ्याच्या एका जुडीला घालायची, झटक्यात मुळासकट उपटायची आणि मग ती जुडी पुढच्या पायावर आपटायची. एकदा, दोनदा, तीनदा. मुळांचा चिखल पडला की मगच तोंडात. आपण मेथीची जुडी मोरीत झटकतो ना, अगदी तस्सं. कितीही वेळ बघितलं तरी तिने एकही जुडी न झटकता खाल्ली नाही.

तिच्या पलीकडे काठावर एक बारकं पिल्लू होतं. त्याला सोंडेचं काय करायचं ते अजून कळत नव्हतं. ती इकडे तिकडे भिरकावून झाल्यावर ते गुडघे टेकून थेट तोंडानेच पाणी प्यायलं. लहान पिल्लं असंच पितात, सोंडेने पाणी ओढायला काही महिने जावे लागतात, असं ड्रायव्हर म्हणाला.

तेवढ्यात छातीत काहीतरी घुमलं. आवाज म्हणावा तर नीट ऐकू आला नाही, लांबून ट्रक जावा तशी थरथर जाणवली. आणि पाण्यातल्या सगळ्या जणी एकदम थबकल्या. कान पसरले. मग एकेक करून सगळ्या एकाच दिशेला वळल्या. ड्रायव्हरने बोट दाखवलं. कळपाच्या कडेला एक उंच, हाडं निघालेली हत्तीण उभी होती. कपाळ खोलगट, कानाच्या कडा चिरफाळलेल्या, डावा सुळा मध्येच तुटलेला. "हिचं चालतं," तो म्हणाला. "कुठे जायचं, केव्हा जायचं, कधी पळायचं, सगळं हीच ठरवते. पाणी कुठे आहे ते हिला माहीत."

मला आजी दिसली. तशीच्या तशी.

बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. माणात आमच्या गावी विहिरीला थोडं पाणी तरी होतं, पण गुरांपुढे टाकायला काडी उरली नव्हती. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, तांबड्या भाकरी, शाळेत सुकडी. गावात जो तो जनावरं मिळेल त्या भावाला विकत होता. आजी म्हणाली, विकायची नाहीत, कृष्णाकाठी न्यायची. वडिलांना पटेना, एवढ्या उन्हात बैल वाटेतच पडतील म्हणाले. पण आजी सून म्हणून घरात आली होती तेव्हाही एक असाच दुष्काळ पडला होता, आणि तिच्या सासूने गुरं त्याच वाटेने नेली होती. कुठल्या ओढ्यात वाळू उकरली की पाणी लागतं, कुठल्या देवळापाशी मुक्काम करू देतात, कुठला घाट पहाटेच उतरायचा, सगळं तिच्या डोक्यात होतं. तिला अक्षर येत नव्हतं.

दोन बैल, एक गाय, तिची कालवड, चुलते, आजी आणि मी. कालवडीचं दावं माझ्या हातात होतं. पाचव्या दिवशी नदी दिसली. तिथे उसाचं वाढं मिळालं. गुरं जगली.

आजी किती वर्षांनी आठवली आज! पडवीत बसलेली नाही, वाटेवर पुढे चालणारी, मागे वळून आम्हाला मोजणारी.

जेवताना मुलाने मोबाईलवर काही काही वाचून दाखवलं, तेही टिपून ठेवते. या अंबोसेलीत सिंथिया मॉस या बाईंनी हत्तींच्या कुटुंबांचा अभ्यास सुरू केला आणि तो आजतागायत चालू आहे. इथले हत्ती कानाच्या चिरांवरून, भोकांवरून एकेक करून ओळखले जातात. प्रत्येक कुटुंबाला एक अक्षर, आणि त्यातल्या सगळ्यांची नावं त्याच अक्षरावरून. आपल्याकडे बारशाला अक्षर काढतात तसं. अभ्यास सुरू झाला ते साल १९७२. मी म्हटलं, पुन्हा वाच. १९७२च.

दुसरं शेजारच्या टांझानियातलं. तिथल्या तरांगिरे उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. अभ्यासातल्या ८१ पिल्लांपैकी १६ नऊ महिन्यांत दगावली. पण ज्या कळपांत म्हाताऱ्या हत्तिणी होत्या ते कळप वेळेवर उद्यानाबाहेर निघून गेले होते आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. त्या म्हाताऱ्यांनी लहानपणी १९५८ ते १९६१चा दुष्काळ पाहिलेला होता. जो कळप जागेवरच राहिला त्याच्या मोठ्या बायका आधीच शिकाऱ्यांनी सुळ्यांसाठी मारल्या होत्या, वाट सांगायला कोणी उरलंच नव्हतं. म्हणजे एका म्हातारीला मारलं की नुसती ती जात नाही, तिच्यामागे पुढच्या दुष्काळातली पोरंही जातात. हे ऐकून मला जेवण गेलं नाही. सुळ्यांचे दागिने कुणी घातले असतील, कुठल्या दिवाणखान्यात ठेवले असतील, त्यांना हे कधी तरी कळलं असेल का!

दिवा मिणमिणायला लागला. बाहेर तरस ओरडतंय. पुरे.

१५ ऑगस्ट, दुपारी, गाडीत

अक्षर हलतंय, रस्ता खडबडीत आहे.

आज पहाटे पाचलाच जाग आली. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर नसण्याची सवय अजून लागलेली नाही. पांढरी साडी नेसून मुलांच्या रांगा सरळ करायची वेळ ती. तंबूबाहेर आले तर थंडी चांगलीच होती, आणि समोर किलिमांजारो पूर्ण उघडा. काल दिवसभर तो ढगात होता, आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं. यांना हाक मारली. शाल गुंडाळून दोघं उभे राहिलो. माथ्यावरचं बर्फ आधी गुलाबी झालं, मग पिवळं, मग नुसतं पांढरं. तासाभरात ढग परत आले.

सकाळच्या फेरीत ड्रायव्हरला कालच्या वाचनाबद्दल विचारलं. मुलाने वाचलेल्यात एक गोष्ट अशी होती की इथले हत्ती माणसाच्या बोलण्यावरून मासाई पुरुष कोण आणि कांबा कोण हे ओळखतात. दोघांच्या आवाजात तेच वाक्य ऐकवून बघितलं, तर मासाई पुरुषाचा आवाज ऐकल्यावर ते गोळा होऊन मागे सरले, कांबाच्या आवाजाला तितके घाबरले नाहीत. मासाई बाईच्या किंवा पोराच्या आवाजालाही नाही. कारण भाला मासाई पुरुषाच्या हातात असतो. ड्रायव्हरने मान डोलावली. "आम्ही शेतकरी," तो म्हणाला, "आमचं हत्तींशी भांडण पिकावरून. मासाईंचं गुरांच्या पाण्यावरून."

हे पाण्याचं भांडण मनात राहिलं. १९७४ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी उन्हाळ्यात मासाईंची गुरं याच दलदलीवर जगायची. काल येताना फाटकाबाहेर दोन पोरं बघितली होती, लाल शुका पांघरलेली, दहा-बारा वर्षांची असतील. बरगड्या मोजता येतील अशा गाई फुफाट्यातून हाकत होती. मी हत्तींवर जीव टाकून बसले आहे हे खरं, पण त्या पोरांच्या बाजूने बघितलं की गळ्याशी येतं. त्यांच्याही घरी कुणीतरी आजी असेल जिला या पाण्याची वाट पाठ आहे. उद्यान ३९२ चौरस किलोमीटरचं, आणि या भागातले दीड हजारांहून जास्त हत्ती काही कुंपण ओळखून आत राहत नाहीत. ते त्या पोरांच्या कुरणात जातात. मग त्या गाईंनी कुठे जायचं? उद्यानाच्या तिकिटाच्या पैशांतला वाटा त्या कुरणांच्या मालकांपर्यंत पोचायलाच हवा, आणि त्याआधी पाणी.

आणि निघता निघता ती परत दिसली.

रात्री हत्ती दलदल सोडून बाभळीच्या रानाकडे जातात आणि सकाळी परत येतात. आम्ही फाटकाच्या वाटेला होतो, आणि उजवीकडून एक रांग येताना दिसली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुढे तीच, तुटक्या सुळ्याची. पायांचा आवाज अजिबात नाही, एवढं मोठं जनावर आणि धुळीत पाऊल पडताना फक्त फस्स होतं. रस्त्याच्या कडेला येऊन ती थांबली. आमच्यापासून पंधरा पावलांवर असेल. मला तिच्या पापण्या दिसत होत्या, लांब, खाली झुकलेल्या, टोकांना धूळ. डोळ्याखाली ओलसर रेघ. सोंड वर करून तिने आमच्या दिशेची हवा हुंगली. सूनबाईने माझा हात घट्ट धरला होता.

मग ती रस्त्याच्या मधोमध आली आणि आमच्याकडे तोंड करून आडवी उभी राहिली. बाकीच्या तिच्यामागून एकेक करून रस्ता ओलांडू लागल्या. मी मोजत होते. कालचं ते बारकं पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होतं, रस्त्याच्या उंचवट्यावर अडखळलं, आईने सोंडेने मागून ढकललं. दहा, अकरा, बारा. शेवटची पलीकडच्या गवतात शिरली तरी म्हातारी हलली नाही. एकदा वळून तिकडे बघितलं, पुन्हा आमच्याकडे. मग कान हलवून सावकाश खाली उतरली आणि त्यांच्या मागून पाण्याकडे चालू लागली.

तेरा. सगळी पोचली.