मिशिगनमधली निवडणूक ड्युटी

आपल्याकडे निवडणुकीची ड्युटी शिक्षकांना आणि सरकारी कर्मचाऱ्यांना आदेशाने लागते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात साध्या मतदारांनीच अर्ज करायचा, कोणत्या पक्षाकडे कल आहे ते लिहून द्यायचं आणि प्रशिक्षण घेऊन दोन्ही पक्षांच्या माणसांनी एकाच टेबलाशी बसायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते.

५ नोव्हेंबर २०२४ ला ओकलंड काउंटीतल्या एका शाळेत माझी ड्युटी होती. सकाळी सातला दारं उघडली तेव्हाच रांग लागलेली होती. जो तो ट्रम्प-हॅरिससाठी आलेला! त्याच मतपत्रिकेवर खाली सिनेटची जागा होती. डेबी स्टॅबेनाव २००१ पासून त्या जागेवर होत्या. पुन्हा उभ्या राहणार नाही, हे त्यांनी जानेवारी २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं. आता लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन आणि रिपब्लिकन पक्षाचे माइक रॉजर्स यांच्यात. सिनेट म्हणजे राज्यसभेसारखं सभागृह, असं मी घरच्यांना समजावते. फक्त तिथे आमदार मत देतात आणि इथे १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून सगळं राज्य थेट मत देतं.

दुपारी एका आजोबांची मतपत्रिका मतमोजणीच्या मशीनने परत बाहेर काढली. एकाच पदासाठी दोन गोल काळे झाले होते. अशा वेळी आम्ही कागदाकडे बघायचं नसतं, फक्त पर्याय सांगायचे: नवी मतपत्रिका घ्या, नाहीतर हीच मशीनला स्वीकारू द्या, मग तेवढ्या एका पदाचं मत मोजलं जाणार नाही. आजोबा म्हणाले, "इतकी वर्षं बाईंचं नाव असायचं. तेच शोधत बसलो आणि गोंधळ झाला." त्यांनी नवी मतपत्रिका घेतली, वॉकर टेकत परत गेले आणि सावकाश सगळं पुन्हा भरलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

थोड्या वेळाने एका तरुणाने विचारलं, "फक्त वरचंच भरलं तर चालेल का?" चालतं. तेवढंच उत्तर द्यायचा मला अधिकार होता आणि तेवढंच दिलं. पण मन तुटत होतं. दोन गोल भरले तर मशीन कागद परत करतं; एखाद्या पदाचे सगळे गोल रिकामे सोडले तर काही न बोलता आत घेतं.

आठला मतदान संपलं. नोंदवहीतले मतदार आणि मशीनमधल्या मतपत्रिका यांचा मेळ बसवला, सील लावली.

दुसऱ्या दिवशी कळलं, राज्यात ट्रम्प जिंकले आणि सिनेटला स्लॉटकिन. ट्रम्प यांची आघाडी सुमारे ८० हजारांची, स्लॉटकिन यांची जेमतेम १९ हजारांची. आणि राष्ट्राध्यक्षपदापेक्षा सिनेटसाठी पडलेली मतं ८० हजारांहून अधिक कमी! निकाल कुणाच्या बाजूने लागला याहून मला हा आकडा जास्त लागला.

आता मिशिगनचे दुसरे सिनेटर गॅरी पीटर्स यांनीही पुन्हा उभं न राहायचं ठरवलंय, म्हणजे २०२६ मध्ये सिनेटची दुसरी जागाही मोकळी. ड्युटीसाठी मी पुन्हा नाव दिलं आहे. आणि ड्युटी नसलेल्या दिवशी, ओळखीच्या प्रत्येक मराठी घरी जाऊन एवढंच सांगणार आहे, की कुणालाही द्या, पण कागद शेवटपर्यंत भरा.